वाचक विचारतात: झिरो बिअरचं मासिक खोकं

दर महिन्याला दाराशी येणाऱ्या नॉन-अल्कोहोलिक क्राफ्ट बिअरच्या (लहान कारखान्यांत, म्हणजे ब्रुअरींत बनलेल्या, जवळजवळ अल्कोहोल नसलेल्या ‘झिरो’ बिअरच्या) खोक्याबद्दल इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी बरंच विचारलं आहे, थोडं पुण्या-ठाण्याहूनही आलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

जानेवारीपासून बिअर बंद केली आहे. एका क्लबची ऑफर आहे: पहिलं खोकं अर्ध्या किमतीत, पुढे दर महिन्याला १२ कॅन. घ्यावं का? (रेडिंग, इंग्लंड)

पहिल्या खोक्याची किंमत विसरा, दुसऱ्याची बघा. समजा पहिलं १४ पौंडांना आणि पुढची पोस्टेज धरून २९ पौंडांना. तीन महिन्यांत ७२ पौंडांत ३६ कॅन, म्हणजे कॅनमागे २ पौंड पडले. पण चौथ्या महिन्यापासून तोच कॅन जवळजवळ २ पौंड ४२ पेन्सला पडतो. आता त्याच ब्रँडचा चार कॅनचा पॅक सुपरमार्केटात कितीला मिळतो ते पाहा. खोक्यातले निम्म्याहून जास्त ब्रँड तिथे सहज मिळत असतील, तर तुम्ही वरचे पैसे फक्त निवडून देण्याच्या कामाचे मोजता आहात.

कार्डाचा नंबर देण्याआधी क्लबला चार गोष्टी विचारा. एखादा महिना वगळता येतो का? पैसे कापले जाण्याच्या किती दिवस आधी कळवावं लागतं? (घोळ होतो तो इथेच: खोकं महिन्याच्या १० तारखेला येतं, पैसे मात्र १ तारखेला गेलेले असतात.) तीच बिअर पुन्हा येणार नाही याची हमी आहे का? आणि पोचताना कॅनवर बेस्ट बिफोर किमान किती महिने शिल्लक असेल? चौथ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर तो क्लब सोडा. ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदी साधारणपणे १४ दिवसांत रद्द करता येते, पण फोडलेल्या कॅनचे पैसे परत मिळतील ही आशा नको.

मासिक खोकी दोन जातींची असतात. एक जात ब्रुअरीची स्वतःची. अमेरिकेतल्या अ‍ॅथलेटिक ब्रुइंगचं सबस्क्रिप्शन असं आहे: सगळा माल त्यांचाच. दुसरी जात म्हणजे दहा ठिकाणचा माल एकत्र करणारे क्लब. नवख्याने दुसऱ्या जातीचं घ्यावं. पहिल्या खोक्यात निवड करू देत असतील तर दोन पेल एल किंवा आयपीए (हॉप्स या सुगंधी, कडवट फुलांचा वास जास्त असलेल्या), दोन गव्हाच्या, दोन स्टाउट (काळ्या, भाजलेल्या धान्याच्या), दोन आंबट प्रकारातल्या आणि लागर (नेहमीची फिकट, हलकी बिअर) फार तर दोन घ्या. प्रत्येकीचे दोन कॅन असावेत. एक नुसता प्यायचा, दुसरा जेवणाबरोबर, कारण या बिअरची चव जेवणासोबत बरीच बदलते. तीन खोक्यांत आपल्याला काय आवडतं ते कळतं. तेव्हा सबस्क्रिप्शन बंद करा आणि आवडलेल्या दोन-तीन बिअरचे पॅक सुटे मागवा. वर्षाचे पैसे आगाऊ भरण्यात मात्र कधीच शहाणपण नाही. माल नाशवंत आहे, आणि तुमची आवड अजून ठरायची आहे.

एका कॅनवर ‘अल्कोहोल फ्री’, दुसऱ्यावर ‘लो अल्कोहोल’, पण दोन्हीवर ०.५ टक्के छापलंय. हे कसं? (लंडन)

इंग्लंडमधल्या सरकारी मार्गदर्शनानुसार ‘अल्कोहोल फ्री’ म्हणायला ०.०५ टक्क्यांची मर्यादा आहे. ०.५ टक्क्यांपर्यंत, आणि अल्कोहोल काढून टाकलेलं असेल तर ‘डीअल्कोहोलाइज्ड’. १.२ टक्क्यांपर्यंत ‘लो अल्कोहोल’. जर्मनीसह युरोपात अनेक ठिकाणी ०.५ टक्क्यांपर्यंतच्या बिअरला सरसकट अल्कोहोलमुक्त म्हणतात, आणि तिकडून आलेली बिअर तेच लेबल लावून इथे विकली जाते. म्हणून एकाच ताकदीच्या दोन कॅनवर दोन नावं दिसतात. अमेरिकेत ‘नॉन-अल्कोहोलिक’ म्हणजे ०.५ टक्क्यांहून कमी, आणि ‘अल्कोहोल फ्री’ लिहायचं तर शून्यच हवं.

नाव सोडा, आकडा वाचा. ०.५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर कॅनमध्ये साधारण १.३ ग्रॅम अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये जवळजवळ २० ग्रॅम. म्हणजे असे पंधरा कॅन प्यायलात तर एक नेहमीची बिअर होईल. निरोगी माणसाला चढण्याचा प्रश्न येत नाही. पण धर्म, औषध किंवा गरोदरपण या कारणांनी थेंबही नको असेल, तर ‘०.०’ छापलेलंच घ्या. क्राफ्टच्या खोक्यात बहुतेक माल ०.५ चा असतो, तेव्हा नोंदणी करतानाच तसं कळवा. सगळे क्लब ही सोय देत नाहीत.

खोक्यातल्या दोन्ही लागर शिजवलेल्या धान्याच्या पाण्यासारख्या लागल्या, स्टाउट मात्र झकास होती. लागर खराब निघाल्या का? (लेस्टर)

बहुधा खराब नव्हत्या, बनवण्याच्या पद्धतीची ती चव आहे. हे नीट समजून घेतलं तर पुढची निवड सोपी जाते.

बिअर बनवताना माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवून जो गोड अर्क निघतो त्याला वर्ट म्हणतात. वर्टमध्ये धान्याचा वास देणारी अल्डिहाइड नावाची संयुगं असतात. नेहमीच्या बिअरमध्ये आठवडाभर आंबवण चालतं. त्यात यीस्ट ही संयुगं खाऊन टाकतं, आणि उरलीसुरली अल्कोहोलमध्ये दबून राहतात, नाकापर्यंत पोचत नाहीत. झिरो बिअर बनवायचा एक मार्ग म्हणजे हे आंबवणच आखडतं घेणं: वर्ट थंड ठेवून यीस्टशी थोडाच वेळ गाठ घालायची, किंवा माल्टोज न खाणारं यीस्ट वापरायचं. वर्टच्या साखरेत निम्म्याच्या आसपास माल्टोजच असतं, त्यामुळे सॅकरोमायकोड्स लुडविगी किंवा पिकिया क्लुयवेरीसारखं यीस्ट थोडं ग्लुकोज खाऊन थांबतं आणि अल्कोहोल ०.५ च्या आत राहतं. स्वस्त आणि सोपा मार्ग. पण धान्याचा वास मागे उरतो, गोडीही उरते. फ्रँकफर्टची क्लाउस्थालर १९७९ साली बाजारात आली ती असं रोखलेलं आंबवण करूनच.

दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण बिअर बनवून मग अल्कोहोल काढणं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, तेवढं तापवलं तर बिअरचं सूप होईल. म्हणून निर्वात टाकीत ते ३५ ते ४५ अंशांना उडवतात, किंवा बारीक पडद्यातून गाळून वेगळं करतात. बव्हेरियात बनणारी, ब्रिटनमध्ये विकली जाणारी लकी सेंट ही निर्वात पद्धतीची लागर. धान्याचा वास जातो, पण अल्कोहोलबरोबर फळांसारखे सुगंधही उडतात आणि बिअर पाणचट लागू शकते. यंत्रं महाग असल्याने लहान क्राफ्ट ब्रुअरीला हा मार्ग सहसा परवडत नाही. बिग ड्रॉप ही २०१६ ची ब्रिटिश ब्रुअरी तर अल्कोहोल काढतच नाही. कमी धान्य आणि आळशी यीस्ट वापरून ते मुळात तयारच होऊ द्यायचं नाही, ही तिची रीत.

आता लागरमध्ये दोष लपवायला जागा नसते, जे आहे ते जिभेवर येतं. स्टाउटमध्ये भाजलेलं माल्ट कॉफीसारखा कडवटपणा देतं, वर अनेकदा लॅक्टोज (दुधातली साखर) घातलेलं असतं, ते यीस्टला पचत नाही आणि दाटपणा येतो. आंबट प्रकारात आम्लता गोडीला मारते. पेल एलमध्ये शेवटी घातलेले हॉप्स धान्याच्या वासावर मात करतात. म्हणून क्लबला कळवा: लागर नको, आणि हवीच असेल तर अल्कोहोल काढून बनवलेली द्या. घरी कुणाला दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर ‘मिल्क स्टाउट’ची सामग्री वाचल्याशिवाय कॅन उघडू नका. ग्लुटेनचं पथ्य असणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, अल्कोहोल गेलं तरी बार्ली आणि गहू तिथेच आहेत.

चवीचा निकाल देण्याआधी ग्लासही तपासा. फोडणीची कढई घासलेल्या घासणीनेच ग्लास धुतला असेल तर तेलाचा पातळ थर राहतो आणि फेस दहा सेकंदांत बसतो. झिरो बिअरचा फेस आधीच नाजूक. ग्लास आतून ओला करून चिमूटभर मीठ भुरभुरवा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथून घसरेल तिथे तेल आहे. लागर ५ अंशांच्या आसपास प्या. स्टाउट फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटांनी, गार स्टाउटला चवच लागत नाही.

जानेवारीच्या खोक्यातले तीन कॅन फुगलेले होते. एक उघडला तर निम्मी बिअर ओट्यावर. क्लब म्हणतो ‘थंडीने झालं, पिऊ शकता’. पिऊ का? (एडिंबरा)

नका पिऊ.

थंडीने कॅन फुगतो हे खरं आहे. ५ टक्क्यांची बिअर उणे २ अंशांच्या आसपास गोठू लागते. झिरो बिअरमध्ये गोठणं लांबवणारं अल्कोहोलच नाही, ती शून्याच्या किंचित खाली गेली की गोठते. रात्रभर दाराबाहेर किंवा कुरिअरच्या गाडीत राहिलेलं खोकं स्कॉटलंडच्या जानेवारीत सहज गोठेल. (घाईने गार करायला डीप फ्रीजरमध्ये ठेवलेला कॅनही नेहमीच्या बिअरच्या आधी फुटतो. बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या पातेल्यात अधूनमधून फिरवलात तर दहा-पंधरा मिनिटांत गार होतो.)

पण दुसरं कारण गंभीर आहे: कॅनच्या आत पुन्हा आंबवण सुरू होणं. रोखलेल्या आंबवणाच्या बिअरमध्ये साखर शिल्लक असते. लिटरमागे जेमतेम ४ ग्रॅम साखर आंबली तरी लिटरभर बिअरमध्ये साधारण एक लिटर कार्बन डायऑक्साइडची भर पडते, आणि कॅनमधल्या बिअरमध्ये आधीच लिटरमागे अडीच लिटरच्या आसपास भरलेला असतो. शिल्लक साखर २० ग्रॅम असेल आणि माल्टोज खाणारं रानटी यीस्ट आत शिरलं, तर पाच लिटर वायू आणखी. तेवढ्या दाबाला कॅन टिकेलच असं नाही.

यीस्टने माणूस आजारी पडत नाही, पण जिथे यीस्ट जगलं तिथे जिवाणूही जगले असतील. नेहमीच्या बिअरला अल्कोहोल वाचवतं. इथे ते नाही, साखर मात्र आहे, आणि आम्लता कमी पडली तर साल्मोनेला किंवा ई. कोलायसुद्धा तग धरू शकतात. म्हणून चांगली ब्रुअरी पीएच (हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४.२ च्या आसपास किंवा खाली ठेवते आणि भरलेले कॅन गरम पाण्याच्या फवाऱ्याखालून नेऊन पाश्चराइझ करते. ६० अंशांना एक मिनिट म्हणजे एक पाश्चरायझेशन युनिट. साध्या लागरला १५ ते २५ युनिट पुरतात, झिरो बिअरला ८० ते १२० लागतात. अगदी लहान ब्रुअरी इथेच काटकसर करतात, कारण यंत्र महाग आणि जास्त उष्णतेने हॉप्सचा वास मरतो. मोठ्यांचंही चुकू शकतं. गिनेस ०.० ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये आली आणि सूक्ष्मजीवांच्या संसर्गाच्या शक्यतेमुळे नोव्हेंबरमध्ये सगळा माल परत मागवावा लागला. पुढच्या वर्षी ती पुन्हा बाजारात आली.

गोठून फुगलेला कॅन वितळल्यावर साधारण नेहमीसारखाच उघडतो, बिअर गढूळ दिसते, तळाशी पांढरे कण असतात. तुमचा फसफसून निम्मा रिकामा झाला. वितळल्यानंतर असं झालं असेल तर आंबवणाचाच संशय घ्यायचा. आंबट वास आला किंवा लेबलवरच्यापेक्षा कोरडी, बिनगोडीची चव लागली तर संशय पक्का.

उरलेले दोन कॅन हलवू नका. जाड पिशवीत घालून, तोंड बांधून घराबाहेर, उन्हापासून दूर ठेवा. पिशवी बांधण्याआधी तळाचा बॅच नंबर आणि तारीख यांचा फोटो घ्या. खोक्यातले त्याच बॅचचे बाकीचे कॅन बाजूला काढा, तळाची आत वळलेली वाटी बाहेर आलेली दिसते का ते बघा. क्लबला आणि ब्रुअरीला, दोघांनाही फोटो पाठवा. परतावा तीन कॅनचा नाही, पूर्ण बॅचचा मागा. उडवाउडवी झाली तर स्थानिक काउन्सिलच्या अन्नसुरक्षा विभागाला कळवा, तक्रार तिथे नोंदवून घेतात.

मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. अल्कोहोल नाही म्हणजे रोज एक कॅन चालेल ना? (न्यू जर्सी)

अल्कोहोल नाही, पण साखर आहे. तक्त्यात ‘शुगर्स’च्या ओळीवर थांबू नका, एकूण कार्बोहायड्रेट बघा. धान्यातले डेक्स्ट्रिन (ग्लुकोजच्या जोडलेल्या साखळ्या) साखरेत मोजत नाहीत, पण रक्तात गेल्यावर त्यांचंही ग्लुकोजच होतं. युरोपातल्या लेबलवर हायनेकन ०.० मध्ये १०० मिलिलिटरला ४.८ ग्रॅम कार्बोहायड्रेट आहे, त्यात साखर १.३ ग्रॅम. ३३० च्या बाटलीत ते १६ ग्रॅमच्या आसपास जातं, साधारण एका पोळीइतकं. फळांचा गर घातलेल्या आंबट बिअर आणि लॅक्टोजच्या स्टाउट याच्याही वर जातात. अमेरिकेतले कॅन ३५५ मिलिलिटरचे असतात आणि तक्ता बहुधा पूर्ण कॅनचा असतो, तेव्हा दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून फसू नका.

नेहमीची बिअर यकृताला ग्लुकोज सोडण्यापासून अडवते, म्हणून इन्शुलिन किंवा काही गोळ्यांवर असलेल्यांची साखर उतरण्याची भीती असते. झिरो बिअर उलट, सरळ वर नेते. जेवणात तेवढी पोळी किंवा भात कमी करा आणि नवी बिअर आली की दोन तासांनी मीटरवर बघा. रोजचा कॅन ठरवण्याआधी हे आकडे डॉक्टरांना दाखवा.

ब्रिटनमध्ये यावर ड्यूटी नाही, तरी साध्या बिअरइतकीच महाग का? (बर्मिंगहॅम)

१.२ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल ड्यूटी नाही हे खरं. पण ती बचत अल्कोहोल काढण्याच्या यंत्रात, जास्तीच्या पाश्चरायझेशनमध्ये, प्रयोगशाळेच्या तपासण्यांत आणि लहान बॅचमध्ये जिरते. थोडं दुकानदाराच्या नफ्यातही जातं, हेही खरंच.

भावाने दोन वर्षांपूर्वी दारू सोडली. वाढदिवसाला झिरो बिअरचे कॅन भेट द्यावेत असं वाटतं. (ठाणे)

त्याला विचारल्याशिवाय देऊ नका. शरीराला अल्कोहोल मिळालं नाही तरी वास, फेस, कॅन उघडल्याचा आवाज यांनी जुनी ओढ जागी होऊ शकते. काहींना या बिअरचा आधार होतो, काहींचा पाय घसरतो, आणि बाहेरून ते ओळखता येत नाही. तो दारू सुटावी म्हणून दिल्या जाणाऱ्या डायसल्फिरामच्या गोळ्या घेत असेल तर ०.५ टक्क्यांचा कॅन पूर्ण वर्ज्य. छातीत धडधड, उलट्या, चेहरा लाल होणं, एवढ्याशा अल्कोहोलनेही त्रास होऊ शकतो. त्याने स्वतःहून मागितलं तरी आधी त्याच्या डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलणं व्हावं.

पुण्यात असं काही मिळतं का? की बिअर उकळून घरीच करावी? (पुणे)

उकळण्याचं डोक्यातून काढा. तासभर मंद आचेवर ठेवली तरी सुमारे चौथा भाग अल्कोहोल उरतं. म्हणजे ५ टक्क्यांची बिअर ‘झिरो’ होत नाही, सव्वा टक्क्याच्या आसपास अडकते, आणि हॉप्सचा वास मात्र पहिल्या दहा मिनिटांत स्वयंपाकघरभर गेलेला असतो. घरी बिअर गाळणं तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय गुन्हाच आहे. पाश्चराइझ न केलेली कमी अल्कोहोलची घरगुती बिअर साठवणं किती धोक्याचं, ते एडिंबराच्या उत्तरात आलंच आहे.

आपल्याकडे हायनेकन ०.० आणि बडवायझर ०.० सहज मिळतात. कूलबर्गसारखी फळांच्या स्वादाची माल्ट पेयंही आहेत, पण ती बिअरपेक्षा सरबताच्या जवळची, साखरेचा आकडा बघून घ्यावीत. क्राफ्टमधली विविधता इंग्लंडच्या मानाने फार कमी, त्यामुळे मासिक खोकं दिसलं तरी दुसऱ्याच महिन्यात तेच ते येऊ लागण्याची शक्यता धरून चाला. एकेक कॅन सुटा घेणं बरं.

एक बाब मात्र आपल्या बाजूची आहे. ब्रिटनमध्ये कॅनवर बेस्ट बिफोर पुरतं, भारतात उत्पादनाची तारीख छापावीच लागते. हॉप्सच्या बिअरचा सुगंध तीन-चार महिन्यांत उतरतो, आणि साठवणीचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की शिळेपणा दुपटी-तिपटीने लवकर येतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात महिनाभर पडलेला माल आणि फ्रीजमध्ये राहिलेला माल यांची तारीख एकच असली तरी चव एक नसते. शिळ्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. उन्हाळ्यात थंड कपाटातला माल घ्या, तीन महिन्यांच्या आतल्या तारखेचा, आणि हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीऐवजी कॅन निवडा. उजेडाने हॉप्समधलं एक संयुग बिघडून उग्र वास येतो, कॅनमध्ये उजेड शिरत नाही.

कुठल्या सबस्क्रिप्शनला कार्ड जोडलंतच, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज यायला हवा, आणि १५,००० रुपयांपर्यंत दर महिन्याला ओटीपी विचारला जात नाही. तो मेसेज जाहिरात समजून पुसून टाकू नका. हप्ता थांबवायचा पर्याय त्यातच दिलेला असतो.